मोटर, कुट्टी आणि शेतघर : फ्यूज ठरवण्याच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : काटोल तालुका, जिल्हा नागपूर. संत्र्याचं वावर, विहीर, कोठा (गुरांचा गोठा) आणि शेतघर.
काम : विहिरीवरची ५ एचपी मोटर, कोठ्यातली कडबा कुट्टी आणि घर या तिन्हींचे फ्यूज किंवा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) हिशोबाने ठरवणे, आणि जिथे वायरच कमी पडते तिथे वायर बदलणे. मोटरचं मीटर वेगळं, घराचं वेगळं.

११ फेब्रुवारी २०२५ : पाहणी

स्टार्टरच्या पेटीत चिनीमातीचे तीन किटकॅट (फ्यूज तार घालायच्या पकडी) आहेत, पण एकातही फ्यूज तार नाही. पहिल्यात घरगुती वायरीतल्या आठ बारीक तारा पिळून घातल्या आहेत. दुसऱ्यात जुन्या ३/२० वायरीची एक जाड तार, तिसऱ्यात लाइनच्या ॲल्युमिनियम कंडक्टरचा तुकडा.

तार किती ॲम्पियरला वितळते हे काढायचं जुनं सूत्र सोपं आहे. तांब्याच्या तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा दीड घात करायचा आणि ८० ने गुणायचं. ॲल्युमिनियमला ८० ऐवजी ५९. त्याप्रमाणे :

०.३ मिमीची एक बारीक तार सुमारे १३ ॲम्पियरला वितळते, म्हणजे आठ तारा सुमारे शंभरला. ३/२० मधली ०.९१ मिमीची तार ७० ला. कंडक्टरची अडीच मिमीची तार २३० च्या आसपास.

एकाच मोटरच्या तीन फेसला (फेजला) १००, ७० आणि २३० ॲम्पियर, आणि मोटर ओढते आठ-नऊ. किटकॅटवर १६ ॲम्पियर छापलेलं आहे, पण तो आकडा पकडीचा आहे. आत घातलेल्या तारेला तो लागू होत नाही.

किटकॅटच वापरायचा असेल तर कलई केलेल्या तांब्याच्या फ्यूज तारेची मापं अशी : ०.२ मिमी म्हणजे ५ ॲम्पियर, ०.३५ म्हणजे १०, ०.५ म्हणजे १५, ०.६ म्हणजे २०, ०.७५ म्हणजे २५, ०.८५ म्हणजे ३०. हे सतत चालणाऱ्या करंटचे आकडे. प्रत्यक्षात तार वितळते ती साधारण दुप्पट करंटला. वरच्या सूत्रात ०.५ मिमी घालून पाहा, २८ येतात. दुकानात रीळ घेताना व्यास किंवा ॲम्पियर विचारून घ्यावा. ‘जाडी द्या’ म्हटलं की ०.८५ च्या वरचीच तार हातात पडते.

घराच्या लाकडी बोर्डावरही हाच प्रकार, शिवाय न्यूट्रलमध्येही किटकॅट. त्याबद्दल घराच्या नोंदीत.

१३ फेब्रुवारी : मापं

मोटरची नेमप्लेट : ५ एचपी, ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ८.२ ॲम्पियर. तोंडी हिशोबात थ्री फेजला दर एचपीला दीड ॲम्पियर धरतात, म्हणजे साडेसात. पाण्यात बुडालेल्या मोटरी त्याहून थोडं जास्त ओढतात, म्हणून नेमप्लेटचाच आकडा धरायचा. नेमप्लेट घासली गेली असेल तेव्हाच तोंडी हिशोबाकडे जावं.

क्लॅम्प मीटरने तिन्ही फेस वेगवेगळे मोजले. सकाळी व्होल्टेज ३९५ ते ४०२, करंट ८.४, ८.१ आणि ८.७. फेसांमधला फरक ठीक आहे. शेजारच्या वावरांतल्या मोटरी सुरू झाल्यावर व्होल्टेज ३५२ वर आलं आणि करंट ९.६ वर गेला. व्होल्टेज उतरलं तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून मोटर करंट वाढवते. आंबिया बहाराचं ओलीत चालू असताना या दिवसांत संबंध फीडर एकदम चालतो. त्यामुळे हिशोबात ९.६ हाच आकडा धरला.

सुरू होतानाचा करंट, इनरश मोजणाऱ्या क्लॅम्पवर : ५१ ॲम्पियर, एक सेकंदाच्या आत खाली.

अंतरं : डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) आपल्या पोलपर्यंत लाइन सुमारे ५०० मीटर. मीटर आणि स्टार्टर पोलाजवळच्या खोलीत. स्टार्टरपासून विहिरीपर्यंत तीन कोअरची चपटी केबल, २.५ स्क्वेअर मिमी तांबे, १५० मीटर. केबल धुऱ्याने (बांधावरून) उघडीच टाकलेली आहे.

१६ फेब्रुवारी : मोटरचा फ्यूज ठरवला

फ्यूजला तीन अटी पाळाव्या लागतात. चालू करंट आणि सुरू होतानाचा झटका त्याने सोसला पाहिजे. त्याच्या पुढची वायर जळायच्या आत तो उडाला पाहिजे. आणि सगळ्यांत दूरच्या टोकाला, म्हणजे विहिरीच्या काठावर, दोन फेस चिकटले तरी उडण्याइतका करंट त्याला मिळाला पाहिजे. पहिली अट सगळे पाहतात, कारण ती चुकली की मोटर लगेच बंद पडते. तिसरी सहसा कोणी पाहत नाही, आणि आपल्याकडच्या लांब लाइनींमुळे तीच सगळ्यांत अवघड आहे. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केली.

लाइनचा कंडक्टर किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम धरला. ५०० मीटर जाऊन-येऊन एक किलोमीटर, म्हणजे ०.९ ओहम. २.५ स्क्वेअर तांब्याचा रोध किलोमीटरला ८ ओहम. १५० मीटर जाऊन-येऊन ३०० मीटर, म्हणजे २.४ ओहम. एकूण ३.३. ४१५ भागिले ३.३ म्हणजे सव्वाशे ॲम्पियर. विहिरीवर पूर्ण शॉर्ट झाला तरी एवढाच करंट येणार, आणि व्होल्टेज पडलेलं असेल तर शंभरच. शॉर्ट म्हटलं की हजारो ॲम्पियर अशी समजूत असते. ती डीपीच्या पायथ्याशी खरी. ६३ केव्हीएच्या डीपीवर दोन हजारांच्या आसपास येतात. वावराच्या टोकाला ते सव्वाशे होतात.

आता हा करंट केबल किती वेळ सोसेल? पीव्हीसी आवरणाच्या तांब्याला ११५ हा स्थिरांक आहे. ११५ गुणिले २.५ म्हणजे २८७.५, त्याचा वर्ग ८२,६५६. त्याला १२५ च्या वर्गाने, म्हणजे १५,६२५ ने भागलं की ५.३ सेकंद. त्याच्या आत फ्यूज उडाला नाही तर आवरण १६० अंशांवर जाऊन वितळायला लागतं.

एचआरसी फ्यूजचे (बंद नळीतले तयार फ्यूज), जीजी म्हणजे सर्वसाधारण वापराच्या प्रकारातले, आकडे :

१६ ॲम्पियर : ३३ ॲम्पियर दहा सेकंद सोसतो आणि ६५ ॲम्पियरला पाच सेकंदांच्या आत उडतोच. सुरू होतानाचे ५१ या दोहोंच्या मधे येतात. एका सेकंदात झटका संपला तर चालेल, पण व्होल्टेज कमी असताना मोटर उशिरा वेग घेते आणि रोजच्या झटक्यांनी आतली पट्टी हळूहळू थकते. असा फ्यूज काही महिन्यांनी ‘कारण नसताना’ जातो.

२० ॲम्पियर : ४२ दहा सेकंद सोसतो, ८५ ला पाच सेकंदांच्या आत उडतो. झटका निघून जातो. सव्वाशेला केबलच्या ५.३ सेकंदांच्या बराच आधी उडतो, शंभरलाही उडतो.

२५ ॲम्पियर : ११० ला पाच सेकंदांत. चालेल, पण काठावर.

३२ ॲम्पियर : पाच सेकंदांत उडायला १५० लागतात, आणि आपल्याकडे तेवढे नाहीतच. इथे केबल आधी जाईल.

६३ ॲम्पियर : पाच सेकंदांत उडायला ३२० लागतात. सव्वाशेला तो मिनिटंच्या मिनिटं शांत बसेल.

ठरलं : २० ॲम्पियर, जीजी. याच मोटरची केबल १५० ऐवजी ४०० मीटर असती तर हाच २० ॲम्पियरचा फ्यूज पुरला नसता आणि केबल ४ किंवा ६ स्क्वेअरची करावी लागली असती. ‘५ एचपीला किती?’ या प्रश्नाला अंतर विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

एक शंका येऊ शकते. २.५ स्क्वेअर चपट्या केबलची क्षमता कॅटलॉगात १८ ॲम्पियर असते, मग फ्यूज २० चा कसा? मोटरच्या सर्किटमध्ये जादा लोडची राखण स्टार्टरमधली ओव्हरलोड रिले करते : करंट लावलेल्या आकड्याच्या वर राहिला की ती पडते आणि मोटर बंद करते. ती ८.२ वर लावलेली असते, त्यामुळे केबलवर १८ ॲम्पियर फार वेळ वाहतच नाहीत. फ्यूजकडे फक्त शॉर्ट सर्किट उरतं. हे रिले जागेवर आणि चालू असेल तरच लागू आहे. रिले काढून स्टार्टर ‘डायरेक्ट’ केला असेल तर हा हिशोब मोडतो. घराच्या सर्किटला रिले नसते, तिथे फ्यूज वायरीच्या क्षमतेच्या खालीच हवा.

मीटरजवळचा वरचा फ्यूज ३२ चा ठेवला. वरचा खालच्याच्या किमान १.६ पट असला की शॉर्ट झाल्यावर आधी खालचाच उडतो. दोन्ही २० चे ठेवले तर कोणता जाईल याचा नेम नाही. डीपीवरच्या फ्यूजचा यात विचार नाही, तिकडे हात लावायचा नाही. ते लाइनमनचं काम.

२० फेब्रुवारी : बसवणी

पोलावरून लाइन बंद करून, टेस्टर आणि मीटर दोन्हींनी खात्री करून काम सुरू केलं. नुसत्या टेस्टरवर भरवसा ठेवू नये.

बसवलं : ३२ ॲम्पियरचं तीन पोलांचं स्विच-फ्यूज युनिट, आत २० ॲम्पियर एचआरसी तीन. जुना डीओएल, म्हणजे मोटर सरळ लाइनवर घेणारा, स्टार्टर ठेवला. त्यातल्या कॉन्टॅक्टरचे (मोटर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चांगले आहेत. त्यातली ६ ते १० ॲम्पियरची रिले १० वर फिरवलेली होती, ती ८.२ वर आणली. रिले लावलेल्या आकड्याच्या १.२ पट करंटला दोन तासांच्या आत पडते. ९.६ म्हणजे १.१७ पट, म्हणून व्होल्टेज ३५० च्या खाली राहिलं तर ती पडणारच, आणि पडायलाच हवी. त्या वेळी रिले पुढे फिरवली की वाइंडिंगचं आयुष्य जातं.

सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेस गेला की मोटर बंद करणारं यंत्र) नवीन घातला. हा खर्च टाळायचा नाही. एक फेस गेला, मग तो लाइनवरून जावो की आपलाच एक फ्यूज उडून, मोटर उरलेल्या दोन फेसवर चालत राहते आणि करंट साधारण पावणेदोन पट होतो. म्हणजे चौदा ॲम्पियर. २० चा फ्यूज चौदा ॲम्पियर आयुष्यभर सोसेल, पण वाइंडिंग सोसणार नाही. गावात जळणाऱ्या मोटरींमागे बहुतेकदा हेच असतं, आणि दोष फ्यूज मोठा-छोटा असण्याला दिला जातो. या बाबतीत फ्यूजचा आकडा कितीही बदलला तरी उपयोग नाही.

कपॅसिटर २ केव्हीएआरचा आहे. लाइनमधून ओढला जाणारा करंट तो कमी करतो. तो रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडलेला होता. तिथे असला की रिलेतून ८.२ ऐवजी सुमारे ६.९ ॲम्पियरच जातात, आणि ८.२ वर लावलेली रिले प्रत्यक्षात उशिरा पडते. कपॅसिटर कॉन्टॅक्टर आणि रिले यांच्या मधे घेतला. आता रिलेला मोटरचा खरा करंट दिसतो.

ऑटो स्विच (लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारा) काढून ठेवला. लाइन आली की प्रत्येक वावरातला ऑटो स्विच त्याच क्षणी मोटर उचलतो. दहा मोटरी आठ-आठ ॲम्पियरच्या असल्या तरी त्या सेकंदाला चारशे-पाचशेची मागणी होते, व्होल्टेज कोसळतं, कुठलीच मोटर नीट वेग घेत नाही आणि डीपीचा फ्यूज जातो. ऑटो हवाच असेल तर उशिराने सुरू करणारा टायमर लावावा आणि शेजाऱ्यांनी वेळा वाटून घ्याव्यात : एकाचा ३० सेकंद, दुसऱ्याचा ६०, तिसऱ्याचा ९०.

४ मार्च : कडबा कुट्टी

मोटर सिंगल फेज, २ एचपी, नेमप्लेटवर ११.५ ॲम्पियर. तक्रार अशी की फ्यूज सारखा उडतो. म्हणून तो आधीच १५ वरून ३० वर नेलेला आहे, आणि वायर आता हाताला गरम लागते.

घरापासून कोठ्यापर्यंत ४५ मीटर, २.५ स्क्वेअर तांबे. सुरू होताना मोटर ६० च्या आसपास मागते. जाऊन-येऊन ९० मीटरचा रोध पाऊण ओहम, म्हणजे वायरीतच साधारण ४५ व्होल्ट जातात. मोटरपाशी १८५ च उरतात. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे पूर्ण जोराच्या दोन तृतीयांशही नाही. पातं रखडत फिरतं, झटका एका सेकंदाऐवजी पाच-सहा सेकंद टिकतो आणि फ्यूज जातो. दोष वायरीचा आहे. फ्यूज वाढवल्यावर तो उडणं थांबलं, पण ती उष्णता आता वायरीत साठते, आणि ही वायर कुटाराच्या (सुक्या भुश्याच्या) ढिगावरून गेलेली आहे.

४ स्क्वेअरची वायर ओढली. घट ३० व्होल्टच्या आत, मोटर एका दमात वेग घेते. एमसीबी सी प्रकारचा १६ ॲम्पियर. प्रकार महत्त्वाचा आहे : बी प्रकार तीन ते पाच पटींना क्षणात पडतो, म्हणजे १६ चा बी ४८ ते ८० ॲम्पियरच्या मधे कुठेही पडेल आणि ६० चा झटका नेमका तिथेच येतो. सी प्रकार पाच ते दहा पटींना, म्हणजे ८० च्या वर. डी प्रकाराची इथे गरज नाही.

कुट्टी रिकामी सुरू करून मगच कडबा घालायचा. तोंडात कडबा अडकलेला असताना बटण दाबलं तर एमसीबी पडेल, आणि त्याने पडायलाच पाहिजे.

२३ मार्च : शेतघर

लाकडी बोर्ड उतरवला. आधी न्यूट्रलचा किटकॅट काढून तिथे सरळ जोड दिला. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज ठेवायचा नाही, हा भारतातला जुना नियम आहे आणि त्याचं कारण पक्कं आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे-पंखे बंद होतात, माणसाला वाटतं लाइन गेली, आणि होल्डरमध्ये फेस जिवंतच असतो.

सर्किट तीन केले. दिवे, पंखे, टीव्ही मिळून साडेचारशे वॅट, म्हणजे दोन ॲम्पियर. १.५ स्क्वेअर वायर आणि ६ ॲम्पियर एमसीबी. १० चा लावता आला असता, पण पंख्याच्या दांडीत आणि होल्डरमध्ये उतरणाऱ्या वायरी बारीक असतात. ६ पुरतो आहे तर ६ च.

स्वयंपाकघर आणि कूलर-फ्रिज : १६ ॲम्पियर. इथे वायरीचा विचार करावा लागला. २.५ स्क्वेअर पाइपातून नेली तर कॅटलॉगात १९ ॲम्पियर मिळतात, पण ते भोवतालच्या ४० अंशांना. पाइप टिनाच्या छताला चिकटून जातो. तिथे मे महिन्यात ५५ अंश धरणं भाग आहे. ७० अंशांच्या पीव्हीसीला ४५ अंशांवर गुणक ०.९१, ५० वर ०.८२, ५५ वर ०.७१. १९ गुणिले ०.७१ म्हणजे साडेतेरा. त्यावर १६ चा एमसीबी बसत नाही. दोन उपाय होते : एमसीबी १० चा करणे किंवा टिनाखालचा भाग ४ स्क्वेअरचा करणे. ४ स्क्वेअरची क्षमता २६, गुणक लावून साडेअठरा. ४ स्क्वेअर घेतली, कारण १५०० वॅटचा हीटर रॉड आणि १००० वॅटची इस्त्री एकाच वेळी लागली तर अकरा ॲम्पियर होतात.

मागच्या खोलीत जुनी ॲल्युमिनियमची वायर आहे, १.४ मिमीची एक तार, म्हणजे दीड स्क्वेअर. ती पुढच्या वर्षी बदलायची. तोवर त्या खोलीला वेगळा ६ ॲम्पियर एमसीबी आणि फक्त दिवा-पंखा, प्लग पॉइंट नाही. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि जोड सैल होतो. म्हणून सगळे स्क्रू आवळले, आणि दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा आवळायचे.

किटकॅट ठेवला असता तर? एमसीबी आपल्या आकड्याच्या १.४५ पट करंटला तासाभरात पडतो, जीजी एचआरसी १.६ पटीला, किटकॅटला दोन पट लागतात. त्यामुळे किटकॅट असेल तर वायरीची क्षमता ०.७२५ ने गुणून मग तार निवडायची. १९ ची वायर असेल तर पावणेचौदा, म्हणजे १० ॲम्पियरचीच तार. गावातल्या बहुतेक जुन्या घरांना हा शेवटचा गुणाकार लागू आहे.

२८ एप्रिल : ऊन

पारा ४४ च्या वर. पेटी असलेल्या खोलीची पश्चिमेची बाजू तापते, दुपारी स्विच-फ्यूज युनिटच्या आत ५८ अंश. फ्यूज आणि एमसीबी दोन्ही उष्णतेवरच चालतात, त्यामुळे गरम पेटीत ते लवकर उडतात. एमसीबीचं माप ३० अंशांना ठरवलेलं असतं. २० ॲम्पियरचा फ्यूज साडेआठ-नऊ ॲम्पियरवर चालतोय, त्यामुळे मोटरला अडचण नाही. ज्यांच्याकडे फ्यूज अगदी बेताचा आहे त्यांच्याकडे याच महिन्यात तो उडतो आणि मग कायमचा मोठा होतो.

केलेलं काम : खोलीच्या टिनावर चुना, पेटीमागे दोन बोटं फट, वर-खाली जाळीची भोकं. जाळी बारीकच हवी, पालीमुळे होणारे शॉर्ट काही कमी नाहीत. आतलं तापमान ५० च्या खाली आलं.

फ्यूजच्या टोप्या पाहिल्या. तीनपैकी एकीचं वरचं टोक तांबूस झालेलं. एकाच टोकाला रंग बदलला असेल तर करंट जास्त नाही, पकड सैल आहे. पकडीची पट्टी बदलली. असा फ्यूज उडाला तर नवीन घालून पुन्हा उडतो, आणि मोठा घातला तर बूड जळतं.

२४ मे : आर आणि वाय फेसचे फ्यूज उडाले

वखरणी चालू असताना मोटर बंद. आर आणि वाय उडालेले, तिसरा फेस बी शाबूत. दोन फेसचे फ्यूज एकदम गेले म्हणजे त्या दोघांत शॉर्ट. केबल धुऱ्यावर वखराच्या पासेत (पात्यात) येऊन कापली गेली होती. कापल्या जागेपासून दोन्ही बाजूंना हातभर केबल सोलून पाहिली, आवरण मऊ पडलेलं नाही. फ्यूजने आपलं काम केल्याची हीच खूण.

किटकॅट असता तर तारेवरूनही कळलं असतं : तार मधेच वितळून दोन थेंब उरले तर जादा लोड. स्क्रूपाशी तुटली तर सैल जोड किंवा स्क्रूने चेपलेली तार. तार नाहीशी होऊन चिनीमातीवर काळं आणि तांब्याचे शिंतोडे असतील तर शॉर्ट. शॉर्टची खूण दिसली की दोष सापडेपर्यंत दुसरा फ्यूज घालायचा नाही.

तिन्ही फ्यूज बदलले, बी सुद्धा. तो उडाला नसला तरी त्याने किती ताण घेतला ते बाहेरून दिसत नाही. केबलला राळेचा जोड दिला. धुऱ्याखाली पाऊण मीटर चर खणून एचडीपीई पाइपातून केबल नेली, वर विटांचा थर.

१५ जून : पहिल्या पावसानंतर, अर्थिंग

मिरगाचा पाऊस बरा झाला. अर्थचा रोध मोजला : आज ६ ओहम. एप्रिलअखेर तोच १४ होता. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळीपासून सुटते.

मोटरच्या बॉडीला फेस लागला तर फ्यूज उडेल का? डीपीचा अर्थ ४ ओहम धरू. उन्हाळ्यात २३० भागिले १८ म्हणजे १२.८ ॲम्पियर. पावसाळ्यात २३० भागिले १० म्हणजे २३. २० ॲम्पियरचा जीजी फ्यूज १.२५ पट, म्हणजे २५ ॲम्पियर तासभर सोसतो. दोन्ही ऋतूंत तो उडणार नाही, आणि उन्हाळ्यात पाइप, स्टार्टरची पेटी, विहिरीचं लोखंड यांवर पावणेदोनशे व्होल्टच्या वर उभे राहतील. छोटा फ्यूज घालूनही हे सुटत नाही : १० चा घातला तर मोटरच सुरू होत नाही. शॉक लागू नये हे फ्यूजचं कामच नाही, त्याला आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) लागतो.

घराला ३० मिलिॲम्पियर गळतीला पडणारा, दोन पोल, ४० ॲम्पियर. मोटरला १०० मिलिॲम्पियर, चार पोल, ४० ॲम्पियर. १४ ओहमवर ०.१ ॲम्पियर म्हणजे दीड व्होल्टही नाही, इतक्यावर तो पडतो. मोटरच्या बाजूला न्यूट्रल नसेल तर चार पोलांच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण काम करत नाही, कारण ते बहुतेक मॉडेलांत एक फेस आणि न्यूट्रल यांच्या मधे जोडलेलं असतं. कॅटलॉगातली आकृती पाहून न्यूट्रल टेस्ट सर्किटपुरता आणून जोडला. महिन्यातून एकदा बटण दाबायचं, न पडल्यास त्याच दिवशी बदलायचा.

अर्थच्या खड्ड्याला उन्हाळ्यात ठिबकची एक नळी द्यायची.

सुटे फ्यूज, २० ॲम्पियर जीजी, पेटीशेजारच्या कोनाड्यात प्लास्टिकच्या डब्यात. पेटीच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहिलं : ‘फ्यूज २०. रिले ८.२. उडाला तर केबल पाहा.’ घराच्या बोर्डावर प्रत्येक एमसीबीखाली वायरीचं माप लिहिलं, म्हणजे पुढे कोणी १६ काढून ३२ बसवायला घेईल तेव्हा त्याला खाली ‘४ स्क्वेअर, टिनाखाली’ दिसेल. मागच्या खोलीखाली : ‘ॲल्युमिनियम, ६ च्या वर नाही.’